न्हाणीतल्या दोन बादल्या

दिग्रस, १४ जानेवारी

न्हाणीत आज बटणाचा पंप बसला. सुटलो! गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी नळाला येण्याआधी दोन बादल्या थंड यायचं. आता बटण दाबलं की ते परत टाकीत जातं. मी अखंड चालणारा पंप मागत होतो. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, दिवसभर लाईट-लाईन राहते कुठं? आंघोळीपुरतं बटण दाबा." पटलं.

पण त्या दोन बादल्या! आज कळलं, बायको त्या थंड पाण्यानेच आंघोळ करायची, मला गरम भरून ठेवायची. महिनाभराचा तिचा खोकला त्याचाच. सांगितलं का नाहीस, विचारलं.

"तुमीच सभेत ओरडता नं, थेंब सांडू नका म्हणून!"

पाणी वाचवा म्हणून सभांतून इतकं बोलतो मी. घरात कधी विचारलं?

संध्याकाळी ती गरम पाण्याने न्हाली. बाहेर येऊन म्हणाली, "आता बोला पाण्यावर. ऐकते."