माशी मोठी की पतंग?

जरीपटका, नागपूर
कोजागिरीनंतरचा बुधवार, १९७६

तीर्थस्वरूप रुपराव भाऊजींना मेहुणा मधुकरचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे धडधाकट. तुमचा दमा आणि अक्काची कंबर बरी असेल (एकमेकांची औषधे घेणे थांबले ना?).

आपल्या वामनदादाने शामलासाठी कोराडीच्या वीजघरातला श्रीधर पाहिला. पोरगा लाखात एक, शामला तर हरखूनच गेली. सुपारी फोडायला आम्ही मुलाच्या गावी गेलो. मुलीचा बाप म्हणून दादा सगळ्यात नमते घेत होता. बँड त्यांच्या पसंतीचा, आहेर त्यांच्या मनासारखा. लग्नात उलटे उभे राहा म्हटले असते तरी राहिला असता. तेवढ्यात मुलाचे वडील नत्थूजी सहज बोलून गेले, की शेळ्यांच्या नाकात अळ्या सोडणाऱ्या माशीने यंदा जीव नकोसा केला, शेळ्या शिंकून शिंकून बेजार, असली वाईट कीड जगात नाही.

झाले! आमचा गरीब गाय दादा ताडकन उठला. "काय बोलून राहिले, व्याहीबुवा? आमच्या बगीच्यातला पतंग पाहा! सांज झाली का येते, संत्र्यात सोंड खुपसते, रस पिते, अन् फळ सडून खाली!"

"संत्रं शिंकते का?" नत्थूजी.

"शेळी झाडावरून गळते का?" दादा. (हा मुद्दा मला अजूनही बिनतोड वाटतो.)

सुपारी ताटात तशीच राहिली आणि आम्ही उपाशीपोटी एसटीने परतलो. दादा शामलाला घेऊन माझ्याकडेच बसला आहे. पोरगी धड जेवत नाही. बाकी विशेष काही नाही, सहज कळवले.

तुमचा,
मधुकर

ता. क. तुम्ही गुरांचे डॉक्टर. रविवारी येऊन "माशीच मोठी" असा निकाल द्याच. दादा तुमच्यापुढे तोंड उघडत नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवतो आहे तोच नत्थूजी दारात! एवढी गुणी पोरगी हातची जाऊ नये म्हणून म्हणाले, "पतंगच मोठा गा, वामनराव." दादाला भरून आले. "छे छे, आम्ही मुलीकडचे. माशीच मोठी!" "पतंग!" "माशी!" पुन्हा दोघे हमरीतुमरीवर. शेवटी शामलाने सुपारी आणि अडकित्ता मधे आणून आपटला. "बाबा, आधी हे फोडा, मग डोकी फोडा!"

फुटली, भाऊजी! रविवारी पेढे खायला या. फक्त गुरांचे डॉक्टर आहात हे कोणाला सांगू नका.