समुद्रवाले गुरुजी

आष्टी,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. कल्याणदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि तेही वहिनीला उलटं सांगतोस, म्हणून पत्र.

जाफराबादचे राधेश्याम गुरुजी आठवतात? आकाश निळं का, तर समुद्राचं प्रतिबिंब, असं शिकवणारे. सातवीत मी विचारलं होतं, मंग आपल्या गावावरचं आकाश कुणाच्या समुद्राचं? त्यांनी मला दिवसभर उन्हात उभं केलं आणि बाबांना सांगितलं, पोरगी तोंडाळ आहे, घरीच ठेवा. बाबांनी दोन वर्षं कापूस वेचायला ठेवली.

आता ते निवृत्त होऊन लेकाकडे आष्टीत आलेत. त्यांची नात मोनाली माझ्याच वर्गात. विज्ञान प्रदर्शनात तिचा विषय, आकाश निळं का! आजोबांनी कार्डशीटवर समुद्र काढून दिलाय, आणि प्रमुख पाहुणे तेच. दादा, इतकी सोय कुणी करून देतं का?

मी पोरीला खरं शिकवून राह्यले. ग्लासभर पाण्यात दुधाचे चार थेंब, एका बाजूनं टॉर्च. आडवं बघितलं तर पाणी निळसर, टॉर्चच्या समोरून बघितलं तर नारिंगी. उजेडातला निळा रंग हवेच्या रेणूंना थडकून चहूकडं पसरतो, तांबडा बराचसा सरळ निघून जातो. म्हणून दिवसा आकाश निळं. मावळतीला उजेड लांबून येतो, निळा वाटेतच पांगतो, तांबडा उरतो. मोनालीला लगेच समजलं. गुरुजींना अठ्ठावीस तारखेला समजेल, सगळ्यांसमोर.

माया असू दे, आशीर्वाद जरा तिखट पाठव.
दैवशाला

नवीन जालना,
१८ फेब्रुवारी

चि. दैवशालास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी विचारते, नणंदबाई विज्ञान शिकवतात का सुपारी घेतात? माझं म्हणशील तर म्हाताऱ्याला बिलकुल सोडू नको. फक्त एवढं बघ, ग्लास पोरीच्या हातात आहे आणि संध्याकाळी तिला त्याच घरी जायचंय.

जपून. तिखट सोबत पाठवलंय.
तुझा दादा

आष्टी,
५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न.

मोनालीचा पहिला नंबर आला. गुरुजी माईकवर म्हणाले, हे सगळं मीच शिकवलं. मला राहावलं न्हाई. म्हटलं, मंग गुरुजींनीच समजावून सांगावं. ते खाकरले आणि सुरू झाले थेट समुद्रापासून. चारशे पोरं हसली. दादा, इतकं गोड लागलं की त्या दिवशी मी जेवलेच न्हाई.

शनिवारी मोनाली आली न्हाई. सोमवारीही न्हाई. काल तिच्या घरी गेले. गुरुजी म्हणाले, शाळा पुरे झाली. पाठवायची असेल, तर आकाश समुद्रामुळंच निळं दिसतं असं सही करून लिहून द्या.

तू हसशील. दिलं लिहून. मोनाली दारात उभी राहून बघत होती.

आज ती शाळेत आली. फ्रेम करून आण म्हणून आजोबांनी तो कागद तिच्याकडेच दिलेला. मधल्या सुट्टीत तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला. माझ्या ओळीवर लाल पेनाची काट, खाली शेरा, मॅडम, चूक. पुन्हा लिहा. मी तिथंच बसून बरोबर उत्तर लिहिलं. तिनं ते तपासलं, दप्तरात घातलं आणि शांतपणे म्हणाली, या वर्षी आपली घाई झाली मॅडम, पुढच्या वर्षीही पाहुणे म्हणून आजोबांनाच बोलवा.

तुझा आशीर्वाद दोघींना पुरेल इतका असू दे.
दैवशाला