नोटरीची सोडचिठ्ठी

केंदूर,
३ फेब्रुवारी २०२५

चि. अनुपमास आप्पाचा आशीर्वाद, घेणार असशील तर.

तू माझा फोन ब्लॉक केलास, म्हणून कागद खर्ची घालतोय. बाप गेल्यावर तुला मी वाढवली, कासुर्डीला चांगल्या घरी दिली, आन् आता चुलत्याचा आवाज नकोसा झाला.

विक्रमरावांनी सोडचिठ्ठीवर सही केलीय. नोटरी झालीय, पंचांच्या सह्या झाल्यात, तुझी तेवढी राहिलीय. शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीत राहून, कंपनीत नाईट करून तू पूनमला काय सांभाळणार? पोर कासुर्डीला आजीपाशी हाय, तिथंच राहू दे. वकील मी बघितलाय, विक्रमरावांचाच हाय. तू डोकं चालवू नको, रविवारी येऊन सही कर.

दुसरं म्हंजी, विक्रमरावांना माझी मोनिका द्यायचं ठरलंय. पूनमला परक्या सावत्र आईपेक्षा मावशी बरी. सोयरीकही टिकंल.

चुलत्याबद्दल काही लोभ उरला असंल तर तो सहीत दिसू दे.

हौसराव


शिक्रापूर,
९ फेब्रुवारी

ती. आप्पांस सा. न.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते मोनिकाचं नाव खरंच लिहिलंय का, हे बघायला.

वकील धरायच्या आधी आपल्याला चार गोष्टी कळाव्यात म्हणून सुट्टी टाकून शिरूरच्या कोर्टात गेले. तिथं बायकांना फुकट सल्ला मिळतो. तुमच्या वकिलाचं सांगितलं, तर तिथल्या बाईंनी मलाच विचारलं, की नवऱ्याचा आन् तुझा वकील एकच कसा? उत्तर तुम्हाला येत असंल तर कळवा.

नोटरीच्या कागदानं लग्न मोडत न्हाई, आप्पा. कोर्टाचा हुकूम लागतो. पूनम चार वर्षांची हाय. एवढं लेकरू कोर्ट सहसा आईपाशी ठेवतं. नाईट केली म्हणून मी आई कमी होत न्हाई. तिच्यासाठी अर्ज करतेय.

घटस्फोट मलाही हवाय. ज्यानं माझा हात मोडला आन् दवाखान्यात पाय घसरला म्हणून सांगितलं, त्याच्या घरी मला जायचं न्हाई. पण तुम्ही दवाखान्यात आला होता. माझं प्लास्टर बघितलंत, हात कुणी मोडला ते माझ्या तोंडून ऐकलंत, आन् त्याच माणसाला पोटची पोरगी देताय. त्या कागदावर लग्न लावलंत तर कायद्यानं ती त्याची बायकोसुद्धा होणार न्हाई.

मी सही करणार न्हाई. काकूंना मनापासून नमस्कार, तुम्हाला रीतीपुरता.

अनुपमा


केंदूर,
२१ एप्रिल

अनुपमा,

आशीर्वाद देत न्हाई.

कोर्टाची नोटीस कासुर्डीला गेली. पाहुण्यांनी आपल्या विकास सोसायटीच्या मीटिंगात येऊन सगळ्यांदेखत मला विचारलं, की घरच्या पोरी तुम्हाला ऐकत न्हाईत व्हय? माझी मान खाली घातलीस.

आन् मोनिकाच्या कानात काय भरवलंस? तिनं मला विचारलं, दवाखान्यात तुम्ही काय बघितलं. मी गप बस म्हणलो. बस्ता बांधायला जायच्या दिवशी पोरगी घरात न्हाई. तुझ्याकडं असंल तर मुकाट पाठवून दे. पुढच्या महिन्यात लग्न हाय, पत्रिका वाटल्यात.

तुझ्यावरचा लोभ इथं संपला.

हौसराव


शिक्रापूर,
२७ एप्रिल

ती. आप्पांस,

मोनिका माझ्याकडं हाय. मी तिला पाठवणार न्हाई. ती सामान न्हाई, सज्ञान बाई हाय. मी काही भरवलं न्हाई. माझा वाकडा जुळलेला हात तिनं बघितला आन् तिनंच विचारलं.

परवा कोर्टानं निकाल लागेस्तोवर पूनमला माझ्याकडं द्यायला सांगितलं. तिला घेऊन आले. पहिल्या रात्री झोपेतसुद्धा माझी ओढणी सोडली न्हाई तिनं. केस लांबंल, पण तारखांना मी जाणार हाय. विक्रम अजून म्हणतोय, पाय घसरला.

खाली मोनिका लिहितेय.

अनुपमा

ती. आप्पांस नमस्कार. पत्रिका परत मागवा. मला हे लग्न करायचं न्हाई. दवाखान्यात तुम्ही काय बघितलं, ते मला सांगितलं न्हाईत. आता मला सांगूच नका, कोर्टात येऊन सांगा. ताईचे वकील तुम्हाला साक्षीला बोलावणारेत. त्या दिवशी मीही तिथं बसणार हाय.

आईची आठवण येते. तुमचीही येते, म्हणून फार राग येतो.

तुमची मोनिका