भितीवरच्या कोळशाच्या रेघा

शालू,

मी दवाखान्यातल्या नर्सबाईकडं चालली. खांद्यासाठी अजून काही सांगते म्हणे. भाकरी टोपलीत झाकून हायेत, जेवून घेजो. माही वाट पाहू नको.

चुलीमागच्या भितीवर कोळशाच्या रेघा होत्या, त्या शेजारच्या पंचफुलाच्या पोरीनं नाही ओढल्या. तिले तू उगीच रागावली. त्या माह्या होत्या. पाळी गेल्यापासून माहे खांदे आखडले. नर्सबाई म्हणे, बसून राहाल तं अंगाचं लाकूड होईन. रोज भितीसमोर उभं राहाचं, बोटं हळूहळू वर चालवत न्याची, जिथं थांबली तिथं रेघ माराची. काल तू पांढऱ्या मातीनं भित पोतारली अन् सारं गेलं.  खांदा ठणकून राहिला होता.

दोरीवरचे कपडे तूच काढते, पाणी तूच भरते, अन् मले पाटावर बसवून ठेवते. तुह्या मायेले नावं नाही ठेवत. पण परवा तू माह्या देवमनले म्हनलं, लेकरू झालं का आईच्या हाती देऊ नका, त्याईच्या हातून पडीन. मी न्हाणीत होती. ऐकलं. खोटं नाही म्हनलं तू.

आज नवी रेघ मारली, पहिलीपेक्षा खालीच हाये. ती पुसू नको. तिच्या वर, तुले वाटते तिथं, एक रेघ तू मार. माहा हात तिथं पोचला का लेकरू माह्या हाती देजो. नाही पोचला, तं मी मांगणार नाही.

आई