लाल शाईत परत गेलेल्या पत्राबाबत

मी, छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे माझे पहिले व अखेरचे मृत्युपत्र लिहीत आहे. वकिलांच्या मसुद्यात चौदा चुका होत्या. त्या सुधारूनच ही प्रत केली आहे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागचा व्हरांडा, आणि बँकेतील शिल्लक, हे सर्व माझी एकुलती मुलगी ठकू हिला मिळावे.

२. भिंग आणि शब्दकोश माझा जुना सहकारी कंपोझिटर याला. चाळीस वर्षे तो अक्षरांचे चुकीचे खिळे जुळवत आला आणि मी त्याला ते उपटायला लावत आलो. तरी डबा रोज माझ्याबरोबरच खाल्ला. भिंग टोमणा म्हणून दिले, असे त्याने समजू नये. थोडा आहेच.

३. बायकोच्या कपबश्याही ठकूला. कप पाचच आहेत. सहाव्याबद्दल बायको म्हणाली होती, "कप फुटला." मी म्हणालो, "फुटला हे अकर्मक झालं. मी फोडला, असं म्हण." ती म्हणाली, "बरं, मी फोडला. आता तुम्ही नवा आणा, तेही सकर्मकच आहे." मी आणला नाही. आता फार चुटपुट लागते.

४. आता मूळ मुद्दा. बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी ठकूचे सासरहून चार पानी पत्र आले. सुरुवात होती, "बाबा, आमचं तुटलं." मी लाल पेन उचलले. "तुटलं" खोडून वर "तोडलं" लिहिले आणि समासात शेरा मारला: अकर्मक क्रियापदामागे कर्ता लपवू नये.

मुद्रितशोधक मजकूर वाचत नाही, अक्षरे वाचतो. मजकुरात गुंतला की चुका निसटतात. त्याच सवयीने मी चारही पाने तपासली, खाली "तपासले" लिहून सही ठोकली आणि प्रुफे धाडावीत तशी ती टपालाने परत धाडली. संध्याकाळी फिरताना कंपोझिटरने विचारले, "काय म्हणते पोरगी?" मला सांगता येईना. "अरे, वाचलंस ना पत्र?" मी रस्त्यातच थांबून आठवू लागलो. शेवटच्या पानावरचे एक वाक्य आठवले: "माझी खोली अजून रिकामी आहे का". तिथे मी प्रश्नचिन्ह घातले होते. उत्तर दिले नव्हते.

त्याला नऊ वर्षे झाली. ठकू मावशीला फोन करते, मला नाही. मी सात पत्रे लिहिली आणि लाजेपायी एकही टाकले नाही. कोणी न तोडताही काही गोष्टी तुटतात, एवढे मला कळायला हवे होते. ठकू, माझे चुकले.

५. हे कलम माझ्या मृत्यूनंतर नव्हे, आजपासून लागू. वकील म्हणाले, "काका, मृत्युपत्रात असं चालत नाही." मी म्हणालो, "मग चालवून घ्या." कलम असे: खोली रिकामी आहे. पलंग खिडकीशी सरकवला आहे. ये. तू बोल, मी नुसते ऐकेन.

याची एक प्रत आजच ठकूला जाईल. ती मी स्वतः टाकणार, कंपोझिटर विसरतो.

साक्षीदार: १. सदर कंपोझिटर. २. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई.

ठिकाण: राहते घर.
दिनांक: नऊ मार्च, सकाळी, टपाल निघण्याआधी.

सही: बाबा