ज्ञानोबाला खोटं जड जातंय

४ जानेवारी

नातवाचं जावळ झालं. खंडोबाची तळी भरली. आमच्या घरात तळी उचलताना सगळ्यात मोठा आवाज ज्ञा.चा असतो. धाकटा भाऊ, पण घसा आबांचा घेतलेला. आज तो ताटाला हात न लावता दाराशी उभा राहिला. मी कपाळाला भंडारा लावायला गेलो तर डोकं हळूच मागे घेतलं. जेवायला मात्र पहिल्या पंगतीत. मटण दोनदा मागून घेतलं.

सौ. म्हणाली, "भावजी सहा महिन्यांपासून घनसावंगीला येशूच्या प्रार्थनेला जाऊ राह्यलेत. साऱ्या गावाला ठाऊक हाय, तुम्हालाच न्हाई."

खरंच नव्हतं. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, कोणाच्या पोराचं लक्ष कुठे असतं ते पाठीमागूनही कळायचं. आणि भिंतीपलीकडचा सख्खा भाऊ…

५ जानेवारी

राहवेना. सकाळीच त्याच्या खळ्यावर गेलो. तूर पोत्यात भरत होता. पोत्याचं तोंड धरलं आणि एकेक विचारत गेलो.

ख्रिस्ती झालास का? "आजून न्हाई. बाप्तिस्मा बाकी हाय."

नाव बदलणार? "आबानं ठेवलेलं हाय. कशाला बदलू?"

मटण चालतं? "खाल्लं की काल."

दारू? "ती तर सुटली." (मी समजत होतो, डॉक्टरच्या भीतीने सुटली.)

मंग बदललं काय रे नेमकं?

पोतं शिवून झालं, सुई टोपीत खोचली, तेव्हा म्हणाला, "खोटं बोलायला जड जातंय, दादा. आधी सुरळीत निघायचं."

मला हसू आलं. घरी सांगितलं तर सौ.सुद्धा हसली. दुपारभर ते वाक्य डोक्यात.

१८ जानेवारी

आज त्याच्याबरोबर जीपने घनसावंगीला. सौ.ला सांगितलं पेन्शनवाल्या एका मित्राकडे जातो. (म्हणजे मला अजून जड जात नाही.)

वाटलं होतं बाकडी असतील, टाय लावलेलं कोणी असेल. पत्र्याची एक खोली, सतरंजी, बाहेर चपलांचा ढीग. पेटी, ढोलकी. चाल आपल्या भजनाचीच, बायका पदर डोक्यावर घेऊन टाळ्या वाजवतात. देवाला "बापा" म्हणतात. ते मला आवडलं, का ते सांगता येत नाही.

एक म्हातारी उठून म्हणाली, सुनेला वाईट बोलले, काल तिची माफी मागितली. कोणी विचारलं नव्हतं. माझ्या वर्गात छडी हातात असतानासुद्धा कोणी आपणहून कबूल झालेलं आठवत नाही.

मग त्यांच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, गोष्ट सांगितली. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, तर धनी बाकीची सोडून त्याच एकाला शोधायला जातो. मेंढपाळाचा मुलगा मी. संपल्यावर गाठलंच त्यांना. म्हटलं, बाकीची नव्व्याण्णव कोणाच्या भरवशावर? लांडगा आला तर? आबा असते तर असल्या धन्याकडे एक दिवस टिकले नसते.

पाळक साधा माणूस, आधी ऊस तोडायचा. म्हणाला, "गुरुजी, मलाबी त्ये कोडंच हाय. मी कधी मेंढरं राखली न्हाईत. तुमीच इचार करून सांगा." मला इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं. परतीच्या जीपमध्ये वाद घालायला काहीच उरलं नाही.

२९ जानेवारी

ज्ञा. संध्याकाळी आला. चहा नको म्हणाला. तेव्हाच कळलं काहीतरी आहे.

"दादा, आक्काला सांगायचं हाय. कागदाचं."

इथे कधी लिहिलं नाही, आज लिहितो. आबा गेल्यावर, तेरा वर्षांपूर्वी, शेतात तिघांची नावं लागणार होती. आम्ही दोघे आणि थोरली बहीण आक्का. दोघांनी बसून ठरवलं, तिच्याकडून वाटा सोडल्याचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं. सगळे घेतात. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? तिला म्हटलं, वारसनोंदीचा कागद आहे, अंगठा लागतो. तिला वाचता येत नाही. नोंदणी कार्यालयात साहेबांनी विचारलं, "बाई, समजलं का काय लिहिलंय?" ती म्हणाली, "माझ्या भावानं वाचलंय. मास्तर हाय त्यो." एवढ्या अभिमानाने म्हणाली. खाली साक्षीदार म्हणून मी माझ्या हाताने लिहिलं : मजकूर वाचून दाखवला, समजला. सही.

परत येताना तिला हिरवं लुगडं घेतलं. तेही लिहितो.

आज ती जांबला राहते. मालक जाऊन सात वर्षं झाली, दुसऱ्यांच्या कापसात वेचणीला जाते.

१ फेब्रुवारी

दोन दिवस वादावादी. मी म्हटलं, देवाजवळ कबूल झालास ना, मग मिटलं. म्हणाला, "देवाला सांगितलं. आक्काला कुठं सांगितलं?"

म्हटलं, तुझ्या ख्रिस्ती होण्यात माझी अब्रू का? "तुझं नाव घेत न्हाई. मी माझंच सांगतो. माझ्यातली जमीन देतो."

नाव कसं घेणार नाही? कागद वाचला कोणी, हे ती विचारणारच. ज्ञा. सातवी नापास. त्याने वाचला असं म्हटलं तर कुत्रंही विश्वास ठेवणार नाही.

सौ. म्हणते, "त्यांना द्यायची त्यांची जमीन देऊ द्या. तुम्ही त्यात पडू नका." तिचं म्हणणं बिनतोड आहे, आणि मला ते पटत नाही, आणि न पटल्याचा राग येतो.

नवल हे की तो शांत आहे. धर्म बदलल्यावर माणूस देवाबद्दल बोलत सुटेल असं वाटलं होतं. हा बहिणीबद्दलच बोलतो. ख्रिस्ती होणं म्हणजे हे असतं का? मग ते करायला ख्रिस्तीच कशाला व्हावं लागतं? आणि न होता आपण कोणी आजवर का केलं नाही?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नको आहे.

८ फेब्रुवारी

ज्ञा. प्रार्थना चुकवून जांबला गेल्ता. (बघा, मीही त्याच्यासारखा लिहू लागलो.) दुपारी परत. दारातच गाठला.

आक्का गोवऱ्या थापत होती. याने सगळं सांगितलं. ती थापतच राहिली. मध्ये एकदा हात थांबला, म्हणाली, "मास्तरला ठाऊक व्हतं?"

"तू काय म्हणालास?"

"त्यालाच इचार म्हणलो. माझ्या तोंडून खोटं निघंना, अन् तुझं नाव घेणार न्हाई म्हणून बोलल्तो. दुसरं काय करू?"

जमीन देतो म्हणाला त्यावर ती, "त्ये मागून बघू." याने नेलेली कागदाची झेरॉक्स तिने ठेवून घेतली.

मला त्याचा संताप आला. मग भीती वाटली. आक्का मला ओरडेल याची नाही. ओरडणार नाही याची.

१२ फेब्रुवारी

तिला काय सांगायचं त्याची तयारी. एक, वकिलाने तसं करायला लावलं. दोन, गावात सगळ्या बहिणी देतात. तीन, तुझ्या लग्नात आबांनी चाळीस मेंढरं विकली. तिन्ही खरी आहेत. मोठ्याने म्हणून पाहिली. पहिलं वाक्य अर्ध्यावरच सोडलं.

मी तर बाप्तिस्मा घ्यायला निघालेलो नाही. मग हे मला का जड जातंय?

१५ फेब्रुवारी

ज्ञा.चा बाप्तिस्मा पुढच्या रविवारी, गोदावरीत. "येशील का, दादा? काठावर उभा राह्य नुसता." बघू म्हणालो. पाणी थंड असेल, त्याला दमा आहे, याची मला काळजी. त्याला नाही.

१७ फेब्रुवारी

दहाच्या जीपने आक्का आली. न कळवता. नातवासाठी टोपरं, ओच्यात बोरं. सौ.ची विचारपूस केली, म्हशीला हात लावून आली. मग माझ्यासमोर बसली आणि पिशवीतून झेरॉक्स काढून माझ्या हातात दिली.

"वाच."

म्हटलं, आक्का, ऐक तर…

"ज्ञान्यानं त्याचं सांगितलं. त्याचं मी ऐकलं. मला काय वाचता येतंय? गावात दुसऱ्या कुनाकडून वाचून घ्यायचं तर अब्रू तुझीच जाईल. तूच वाच, मास्तर. आधी भाकर खाते, पहाटंपासून उपाशी हाय."

ती आत जेवते आहे. सौ. वाढते आहे. ज्ञा.ला बोलवू का असा विचार आला, सोडून दिला. तोवर हे लिहितो. कागद दोन पानी आहे, फार तर पाच मिनिटांचा. चष्मा पुसून झाला. शेवटी माझी ओळ आहे. अक्षर सुबक, एकही चूक नाही.

आत ताट सरकवल्याचा आवाज आला. आता ती हात धुते आहे.