पांढऱ्या दोऱ्याचं टोक

लकडगंज, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय भन्ते,

वंदामि. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. पारशिवनीच्या विहारात थंडी पडली असेल, तुमच्यासाठी तिने शाल काढून ठेवली आहे. तुम्ही फोन सोडलात, म्हणून ही कागदाची कसरत.

लॅबमध्ये तेच काम. लोकांच्या गाठींचे काप काचेवर रंगवायचे आणि डॉक्टरांसमोर ठेवायचे. गेल्या आठवड्यात त्यातली एक काच माझी होती.

छातीत गाठ आहे, अंकुश. भन्ते म्हणून हे लिहवत नाही. डॉक्टर चहाला गेले तेव्हा मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. इतकी वर्षं त्या पेशी बघतेय, ओळखायला वेळ लागला नाही. कॅन्सर. डॉक्टरांनीही मग तेच लिहिलं. पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

मी फार भ्यायले आहे रे. दिवसाढवळ्या कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. विज्ञान म्हणतं, लवकर सापडली, बहुतेक बरी होशील. त्या 'बहुतेक'नेच जीव जातोय. तुझा धम्म म्हणतो, जे जन्मलं ते जाणारच. दोघंही खरं बोलतात. एक जरी खोटं बोलत असता, तर दुसऱ्याकडे पळाले असते. आजोबांनी छप्पन सालीच देव सोडले, त्यामुळे नवस बोलायलाही कुणी नाही.

तू पहिल्यांदा चीवरात घरी आलास तेव्हा आई तुझ्या डोक्यावरून हात फिरवायला गेली आणि तू मागे सरलास. "विसरलीच मी वं, भन्तेले बाईनं हात नाही लावाचा," असं मला म्हणून ती हसली, अन् स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तुझीच बाजू घेतली होती. नियम म्हणजे नियम. आता तोच माझ्या आड येतोय. मला उपदेश नको, भाऊ हवा आहे.

हात नको धरूस. परित्राण पाठाला तुम्ही भन्ते लोक लांब पांढरा दोरा धरता आणि तोच पुढे सगळ्यांच्या हातांतून फिरतो ना, तसा दोरा घेऊन ये. एक टोक तू धर, दुसरं मी धरते. स्ट्रेचरसोबत चालत राहा. सिस्टर रागावली तर तिला मी बघते.

दारापाशी माझ्या हातातलं टोक काढून घेतील. तुझं तू सोडू नकोस, मी बाहेर येईपर्यंत.

तुझी ताई,
प्रणाली